हमीपत्रावर सही केली, म्हणजे आंदोलनाचा हक्क गेला का?

प्रश्न : जुन्नर-आंबेगाव भागातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शासकीय आदिवासी वसतिगृहात राहते. प्रवेशाच्या वेळी आमच्याकडून एक हमीपत्र भरून घेतलं. ‘मी कोणत्याही मोर्चात, आंदोलनात किंवा संपात भाग घेणार नाही, घेतल्यास माझा प्रवेश रद्द करण्यात यावा’ असं त्यात होतं. खाली वडिलांचीही सही घेतली. यंदा शिष्यवृत्ती रखडली म्हणून आम्ही काही मुलामुलींनी मधल्या सुट्टीत फाटकाशी फलक घेऊन बसायचं ठरवलं, तर हमीपत्र दाखवून सांगण्यात आलं की हे चालणार नाही, आधी पोलिसांची परवानगी आणा. पोलिसांकडे गेलो तर ‘सध्या जमावबंदी आहे’ म्हणाले. पुण्याला विद्यापीठात मात्र सारखी आंदोलनं होतात असं पेपरात वाचतो. आमचं महाविद्यालयही त्याच विद्यापीठाचं. मग तिथल्या मुलांना एक कायदा आणि आम्हाला दुसरा, असं आहे का? (नाव छापू नये.)

उत्तर : हक्क गेलेला नाही. त्या सहीने तो जाऊही शकत नाही. पण एवढं ऐकून उद्या फाटकावर जाऊन बसलात तर फसाल, कारण आंदोलन कुठे, केव्हा आणि कशा रीतीने करायचं यावर बंधन घालायचा अधिकार महाविद्यालयाला आहे आणि पोलिसांनाही आहे. काय बोलायचं यावर बंधन घालायचा अधिकार मात्र त्यांना फार थोडा आहे. तुमच्या वाटेत हमीपत्र, परवानगी आणि जमावबंदी असे तीन अडसर एकदम आले. तिन्हींचे कायदे वेगळे, म्हणून ते एकेक करून सोडवायला हवेत.

हमीपत्रापासून सुरुवात करू. मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्या माणसांचा एक खटला आहे, तो प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. जुलै १९८१मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी या लोकांच्या झोपड्या काढून त्यांना आपापल्या गावी पाठवायचं जाहीर केलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने कबूल करण्यात आलं, की फुटपाथवर झोपडी बांधणं हा आमचा मूलभूत हक्क आहे असं आम्ही म्हणत नाही आणि १५ ऑक्टोबर १९८१नंतर झोपड्या पाडायला आडकाठी करणार नाही. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा समोरच्या बाजूने नेमकी हीच कबुली पुढे केली. तुम्ही लिहून दिलं आहे, आता हक्काची भाषा करू नका, असा तो युक्तिवाद होता. तुम्हाला दाखवलेल्या कागदामागचा युक्तिवादही हाच आहे.

सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५च्या निकालात तो फेटाळला. मूलभूत हक्क हे एकेका माणसाच्या फायद्यापुरते दिलेले नाहीत, सगळ्या समाजासाठी दिलेले आहेत. म्हणून कुणी गैरसमजाने किंवा अन्य कारणाने ‘मला हक्क नको’ असं कबूल केलं, तरी पुढे तो मागायला त्याला मज्जाव करता येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. मूलभूत हक्क सोडून देता येत नाहीत, हे तर १९५९च्या बशेशर नाथ खटल्यापासून चालत आलं आहे.

आता त्याच खटल्याची दुसरी बाजू. झोपड्या वाचल्या नाहीत. पावसाळा संपल्यावर त्या काढायची मुभा न्यायालयाने दिली. पण माणसाला हटवण्याआधी त्याला नोटीस द्यावी, त्याचं ऐकून घ्यावं, हा नियम ठळकपणे मांडला. तुमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. सही करून दिली म्हणून हक्क जात नाही, आणि हक्क आहे म्हणून सगळंच मनासारखं होतं असंही नाही. मात्र तुमचं ऐकून न घेता शिक्षा करता येत नाही.

त्यामुळे हमीपत्रातलं प्रत्येक वाक्य एका मापाने मोजू नका. रॅगिंग करणार नाही, परीक्षा उधळणार नाही, मालमत्तेची नासधूस करणार नाही, ही हमी पूर्ण बंधनकारक आहे आणि असायलाच हवी. ‘कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही’ हे वाक्य वेगळं. राज्यघटनेच्या कलम १९ने नागरिकाला बोलण्याचं, शस्त्रांशिवाय शांततेने जमण्याचं आणि संघटना करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. त्यावर बंधन घालायचं तर ते कायद्याने घालावं लागतं आणि वाजवी असावं लागतं. प्रवेश अर्जाला जोडलेला छापील कागद म्हणजे कायदा नव्हे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीकडून, प्रवेश हातचा जाईल या धास्तीत, आहुप्याहून किंवा इंगळूणहून एसटीने आलेल्या बापासमोर असं वाक्य लिहून घेणं मला अजिबात पटत नाही. ते अर्जांतून काढून टाकायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, आमचं महाविद्यालय शिक्षण संस्थेचं, सरकारचं नाही. मग राज्यघटना तिथे लागू होते का? होते, बऱ्याच अंशी. १९८९मध्ये अहमदाबादच्या एका न्यासाने चालवलेल्या महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारी अनुदान घेणारी आणि विद्यापीठाशी संलग्न असलेली संस्था सार्वजनिक कर्तव्य बजावत असते, आणि त्या कर्तव्यापुरता उच्च न्यायालय तिला आदेश देऊ शकतं. वसतिगृह तर थेट शासनाचंच. तिथले गृहपाल शासकीय कर्मचारी आहेत आणि वरचं कार्यालय म्हणजे घोडेगावचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. तिथे संस्थेचा खासगीपणा हा मुद्दा उरतच नाही.

संस्थेने घाईने केलेली शिक्षा कशी कोसळते, त्याचं ताजं उदाहरण पुण्यातलंच आहे. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने समाजमाध्यमावर एक मजकूर पुढे पाठवला, थोड्याच वेळात काढून टाकला आणि माफीही मागितली. तरी महाविद्यालयाने तिचं म्हणणं न ऐकता तिला काढून टाकलं आणि पोलिसांनी अटक केली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, तिला काढून टाकण्याच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसायचा मार्ग मोकळा केला. ते महाविद्यालय खासगी होतं आणि तुमच्याच विद्यापीठाशी संलग्न होतं. मजकूर बरोबर होता की चूक, या वादात तुम्ही पडू नका. म्हणणं ऐकून न घेता शिक्षा झाली, हे त्या आदेशाचं सर्वांत दुबळं अंग होतं.

‘पुण्याला एक आणि आम्हाला दुसरा’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधलं तर ‘नाही’ असं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवाराला जी राज्यघटना लागू, तीच जुन्नर, ओतूर, मंचर आणि घोडेगावच्या महाविद्यालयांना लागू. फरक कायद्याबाहेरचा आहे. तिथे शेकडो मुलं एका आवारात राहतात, संघटना आहेत, पत्रकार अर्ध्या तासात पोहोचतात, वकील मित्र असतात. तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक गावातलेच, हवालदार ओळखीचे, आणि मुलगी फाटकावर बसली की संध्याकाळच्या आत घरी फोन जातो. आंदोलन करणारी पोरं बिघडलेली, असं तिथे सहज बोललं जातं. खरं तर आंबेगाव तालुक्याने आपल्या महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंचा अभिमान बाळगला तो याचसाठी, की १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढून ते हटले नाहीत. त्याच तालुक्यात मधल्या सुट्टीत हातात फलक घेऊन बसणं हा गुन्हा वाटावा, याचं मला वाईट वाटतं.

पण पुण्यातलं चित्र दुरून दिसतं तितकं मोकळंही नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये पंतप्रधानांबद्दलच्या मजकुरावरून विद्यापीठाच्या आवारात दोन बाजूंच्या विद्यार्थी कार्यकर्त्यांत हाणामारी झाली. पुढे २ फेब्रुवारी २०२४ रोजी ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचं परीक्षेसाठीचं नाटक सुरू असताना, रामायणातल्या पात्रांचा अपमान झाल्याचं म्हणत अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडलं. अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि नाटक करणाऱ्या पाच विद्यार्थ्यांना. त्यांना लगेच जामीन मिळाला, पण त्यानंतर केंद्रात तोडफोडही झाली.

या प्रसंगात माझं मत पक्कं आहे. नाटक आवडलं नाही म्हणून बाहेर फलक घेऊन उभं राहणं, पत्रक काढणं, कुलगुरूंकडे तक्रार देणं हा परिषदेच्या मुलांचा हक्क होता, जितका तुमचा आहे तितकाच. रंगमंचावर चढून नाटक थांबवणं हा हक्क नव्हता. गडबड होईल या भीतीने बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येत नाही, गडबड करणाऱ्याला आवरणं हे सरकारचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९च्या रंगराजन खटल्यात एका तामिळ चित्रपटाच्या निमित्ताने सांगून ठेवलं आहे. मार्च २०२५च्या इम्रान प्रतापगढी निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट जोडली. शब्दांवरून गुन्हा नोंदवताना ते शब्द खंबीर मनाच्या शहाण्या माणसाला कसे वाटतील हे बघायचं, चटकन दुखावणाऱ्या माणसाच्या मापाने मोजायचं नाही. ज्यांचे विचार आपल्याला अजिबात पटत नाहीत त्यांच्या सभेलाही हाच नियम लावता आला पाहिजे, नाहीतर आपल्या वेळी तो मागायला तोंड उरत नाही.

आता पोलीस. ‘परवानगी आणा’ आणि ‘जमावबंदी आहे’ या दोन वाक्यांमागे बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ असतो. त्याचं कलम ३३ रस्त्यांवरच्या सभा-मिरवणुकांचं नियमन करण्यासाठी, तर कलम ३७ सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी जमाव आणि मिरवणुकांवर बंदी घालण्यासाठी आहे. ग्रामीण भागात ही बंदी जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांचे अधिकार वापरणारे अधिकारी काढतात. सभा-मिरवणुकांवरची बंदी १५ दिवसांपेक्षा जास्त चालू ठेवायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते. सण, निवडणूक, एखादा बंद असं काही आलं की पंधरवड्याचा आदेश निघतो, तो संपला की दुसरा. त्यामुळे पोलीस ठाण्यात ‘जमावबंदी आहे’ हे वाक्य बारा महिने ऐकू येतं.

हे वाक्य ऐकून परत फिरू नका. आदेशाचा क्रमांक, तारीख आणि प्रत मागा. तो आजच्या तारखेला लागू आहे का, तुमच्या तालुक्याला लागू आहे का, आणि त्यात नेमकं काय मना केलं आहे, हे वाचा. बऱ्याच आदेशांत परवानगी घेऊन केलेल्या कार्यक्रमांना वगळलेलं असतं.

कलम ३७चा आदेश न्यायालयात टिकलाच पाहिजे असंही नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या लोकांना २०२० साली नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध शांततेने धरणं धरायचं होतं. ३१ जानेवारीला अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांनी याच कलमाखाली आदेश काढला आणि त्याकडे बोट दाखवून पोलिसांनी परवानगी नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने १३ फेब्रुवारीला तो आदेश रद्द केला. आदेश वरवर सगळ्यांसाठी दिसत असला तरी त्याचा खरा रोख एका कायद्याच्या विरोधकांना गप्प बसवण्याचा होता, असं न्यायालयाला दिसलं. एखाद्या कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून माणसांना देशद्रोही म्हणता येत नाही, हेही न्यायमूर्तींनी लिहिलं. माजलगाव काही मोठं शहर नाही. तालुक्याच्या गावातल्या माणसांनी जिल्ह्याचा आदेश न्यायालयात नेला आणि दोन आठवड्यांच्या आत तो रद्द करून घेतला.

कलम ३३ची गोष्ट तर विद्यार्थ्यांच्याच संपातून निघाली. १९६९मध्ये देशव्यापी विद्यार्थी संपाच्या निमित्ताने अहमदाबादेत रस्त्यावर सभा घ्यायची परवानगी पोलीस आयुक्तांनी नाकारली. गुजरात पूर्वी मुंबई राज्यात होता, त्यामुळे तिथेही हाच १९५१चा कायदा. हिम्मतलाल शाह यांचा तो खटला १९७२मध्ये निकाली निघाला. रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येईल, पण परवानगी द्यायची की नाही हे कोणत्याही निकषाविना अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवणारा नियम चालणार नाही, म्हणून घटनापीठाने तो नियमच रद्द केला. म्हणजे परवानगी मागायला लावणं वैध असू शकतं. कारण न सांगता नाकारणं वैध नाही.

आणखी एक कागद तुमच्या हातात पडू शकतो. पोलीस त्याला अजूनही ‘१४९ची नोटीस’ म्हणतात. १ जुलै २०२४पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तेव्हा ते कलम १६८ झालं आणि जमावबंदीचं जुनं १४४ हे कलम १६३ झालं. १६८ची नोटीस म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नव्हे. गुन्हा घडू देऊ नका, एवढी ती ताकीद असते. तिने घाबरून सगळं सोडून देण्याचं कारण नाही. तिची प्रत जपून ठेवा आणि नोटिशीतला प्रत्येक मुद्दा पाळा. फाटकाच्या आतल्या मोकळ्या जागेत, संस्थेला लेखी कळवून, तास न बुडवता बसणाऱ्या मुलांना पोलिसांची परवानगी लागते असा सरसकट नियम नाही. फाटकाबाहेर रस्त्यावर आलात की चित्र पालटतं.

रस्त्यावर उतरलेल्यांची गोष्ट तुमच्याच भागातून गेलेली आहे. एप्रिल २०१८मध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतली भोजनालयं बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात द्यायचं ठरवलं. पैसे वेळेवर आले नाहीत तर जेवायचं काय, आणि मुलींनी रात्री खानावळ शोधत कुठे फिरायचं, हे विद्यार्थ्यांचे साधे प्रश्न होते. जुलै महिन्यात आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले. मंचर, नारायणगाव, आळेफाटा अशी ती वाट. सिन्नर तालुक्यातल्या नांदूरशिंगोट्याला पोलिसांनी त्यांना अडवलं, ताब्यात घेतलं आणि गाड्यांत बसवून पुण्याला परत पाठवलं. पावसात चालत आलेली, हातात शस्त्र नसलेली मुलं कार्यालयाच्या दारापर्यंतही पोहोचू दिली नाहीत, याचा मला आजही राग येतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मात्र पोहोचला. त्यातही आदिवासी शेतकरीच जास्त होते. शेवटच्या मुक्कामावरून दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून ती हजारो माणसं रात्रीच चालत आझाद मैदानात गेली. दिवसभर चाललेल्या माणसांनी पुन्हा रात्रभर चालायचं ठरवलं आणि मुंबई त्यांच्या बाजूने उभी राहिली. वेळ, जागा आणि रीत पाळणं म्हणजे काय, हे दाखवणारं याहून मोठं उदाहरण माझ्या माहितीत नाही. मागणीतला एकही शब्द त्यांनी त्यासाठी मऊ केला नव्हता.

हीच कसोटी परदेशातही लावली गेली आहे. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधून शाळेत आलेल्या मुलांना अमेरिकेत घरी पाठवलं गेलं, तेव्हा १९६९मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलं ते एवढंच, की त्या फितींमुळे शिकवण्यात खरोखर व्यत्यय आला का. आला नव्हता, म्हणून मुलं जिंकली. आपल्याकडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने २०२३मध्ये धरणं-उपोषणासाठी २० हजार रुपयांपर्यंत दंड लावणारी नियमावली काढली. वसतिगृहातल्या मुलीसाठी तो दंड म्हणजे शिक्षण थांबवणंच. असा नियम व्यत्यय रोखण्यासाठी केला जात नाही, धाक बसवण्यासाठी केला जातो.

तुम्ही काय टाळायचं तेही सांगतो. प्राचार्यांना खोलीत कोंडून घेराव घालू नका, तो सरळ गुन्हा आहे. शैक्षणिक संस्थेभोवतीचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, त्यामुळे ध्वनिक्षेपक नको. फलकावर एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव लिहून त्याला चोर म्हणू नका, बदनामीचा खटला ओढवेल. ‘यंदाची शिष्यवृत्ती अजून आलेली नाही’ हे वाक्य खरं आहे आणि त्याला कुणी हात लावू शकत नाही.

आणि महाविद्यालयाचं नाव बॅनरवर अशा रीतीने घालू नका की ती संस्थेचीच भूमिका वाटेल. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एप्रिल २०२४मध्ये एका दलित संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. दिल्लीतल्या मोर्चात संस्थेचं नाव असलेल्या संघटनेच्या बॅनरखाली तो गेला होता, हा एक मोठा आक्षेप होता, आणि मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते निलंबन योग्य ठरवलं. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने भोगून झालेला काळ पुरेसा मानून त्याला परत घ्यायला सांगितलं. तोवर वर्ष वाया गेलं होतं. मला ती शिक्षा फार जास्त वाटते. पण न्यायालयात हा मुद्दा कसा उलटतो ते तुम्हाला माहीत असावं.

विद्यार्थ्यांना फाटकाशी बसावं लागतं, याचं एक कारण महाराष्ट्राने स्वतःच तयार केलं आहे. १९८९मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि पुढे नव्वदच्या दशकात महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. प्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. १ मार्च २०१७पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका परत आणायचं ठरवलं. २०१९मध्ये त्या होणार असं जाहीरही झालं, पण विधानसभा निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या. निवडून दिलेला प्रतिनिधी असता तर तुमची शिष्यवृत्ती बैठकीत मांडली गेली असती. तो मार्ग बंद ठेवायचा आणि फाटकाचाही बंद करायचा, हे अन्यायाचं आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी शिष्यवृत्ती कुठे अडली आहे ते बघा. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर तुमच्या अर्जाची स्थिती दिसते. तो महाविद्यालयाच्या लॉगिनला पडून असेल तर फाटकाशी बसणं योग्य. पुढे गेला असेल तर तुमचं दार घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाचं आहे, आणि प्राचार्यांना दोष देऊन वेळ जाईल. अर्ज कुठल्या तारखेला कुणाकडे गेला हे माहिती अधिकारात १० रुपयांत विचारता येतं, उत्तराची मुदत ३० दिवसांची.

मग प्राचार्यांना पत्र द्या आणि त्याची एक प्रत पोलीस ठाण्यात. असं लिहा :

‘आम्ही खाली सह्या करणारे विद्यार्थी कळवतो की, शिष्यवृत्ती न मिळाल्याबद्दल दि. … रोजी मधल्या सुट्टीत दुपारी १ ते १.३० या वेळेत फाटकाच्या आतल्या मोकळ्या जागेत सुमारे ४० विद्यार्थी फलक घेऊन शांततेने बसणार आहोत. ध्वनिक्षेपक वापरणार नाही. तास व ये-जा अडवणार नाही. ही जागा किंवा वेळ अडचणीची असल्यास पर्यायी जागा व वेळ लेखी कळवावी.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नुसतं ‘नाही’ म्हणणं त्यामुळे अवघड होतं, आणि पुढे वाद झालाच तर नियम पाळायची तयारी कोणाची होती ते कागदावर दिसतं. पत्राच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोहोच द्यायला कुणी नकार दिला तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. त्या दिवशी बसण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर चित्रण ठेवा.

कारवाई झाली तर आधी कारणे दाखवा नोटीस मागा आणि उत्तर लेखी द्या. माफीनाम्यावर सही करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तक्रारीवर तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं हीसुद्धा या विनियमांत तक्रार धरली जाते. ‘दाखला देणार नाही’ ही धमकी मिळाली तर हे लक्षात ठेवा.

वकिलाच्या खर्चाची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७नुसार महिलांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीसाठी जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या न्यायालयात चौकशी करा, आणि जाताना हमीपत्राची प्रत व ती शिक्का मारलेली पोहोच सोबत न्या.